सावर्ड्याच्या पुढची गाडी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... आमच्या कोकणात तर रस्त्याच्या प्रत्येक वळणावर अशी एक गोष्ट बसलेली आहे, आणि ती हटकून कुणाच्या तरी चुलतभावाच्या मित्राने पाहिलेली असते. मी पडले इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई. वायर तुटली की आवाज बंद, जोडली की सुरू, एवढंच मला कळतं. तरीही आज लिहायला बसले आहे, कारण हे माझ्या दुकानात झालं, माझ्या कानांनी मी ऐकलं, आणि ती फाईल अजून माझ्याकडे आहे.

साल २००६. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या जवळ माझा एक गाळा होता. पुढे कॉम्प्युटर क्लास, मागे रिपेअरिंग. मुलांच्या फ्लॉप्या आणि पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांनी माझ्या नाकीनऊ आणले होते, म्हणून सगळ्या मशिनांवरचं विंडोज काढून मी लिनक्स टाकलं होतं. गिऱ्हाईकं तोंड वाकडं करायची, मी लक्ष द्यायची नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकलेली, त्यामुळे लाइट गेला की दुकान बंद, असा कारभार.

आता उस्मानचाचांबद्दल सांगते. माझी शाळेतली मैत्रीण शबाना, तिचे हे वडील. राहायला राजिवड्याला, नोकरी एसटीत. स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणारा जो आवाज होता ना, तो चाचांचा. घरी बोलताना "काय गो बाय, कुठं निघालीस" असं आपलं नेहमीचं बोलणं. पण माईक हातात आला की "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" — प्रत्येक अक्षर कसं धुऊन पुसून ठेवल्यासारखं. गाडी दोन तास उशिरा येणार, हे सुद्धा ते अशा आवाजात सांगायचे की माणूस भांडायचं सोडून चहा प्यायला जायचा. मी लहानपणी मामाकडे जाताना गाडी फलाटाला लागली तरी बाकावरून उठायची नाही, त्यांचं पुकारणं संपेपर्यंत. असा आवाज मी नंतर रेडिओवर सुद्धा ऐकला नाही.

शबाना लग्न होऊन मस्कतला गेली. तिची मुलगी सना जेवायला महा त्रासदायक. एकदा शुक्रवारच्या फोनवर शबाना रडकुंडीला आली होती, तेव्हा चाचा म्हणाले, फोन पोरीच्या कानाला लाव. आणि त्यांनी रत्नागिरी-मुंबई गाडी पुकारली. हातखंबा आलं, एक घास. निवळी आलं, एक घास. गाडी मुंबईला पोचली तेव्हा ताट रिकामं. तेव्हापासून दर शुक्रवारी ही गाडी सुटायची. बाकीचे सहा दिवस मात्र शबानाचे हालच.

त्या वर्षी चाचांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून काढे झाले, हळददूध झालं. मग मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शबानाचा मला फोन आला. "काही कर, पण अब्बांची ती गाडी रेकॉर्ड करून पाठव. सना लहान आहे गं, तिला त्यांचा आवाज लक्षात पण राहायचा नाही." इतकी वर्षं तो आवाज अख्ख्या रत्नागिरीने ऐकला, पण टेप कुणीच केला नव्हता. रोज कानावर पडतं ते कोण कशाला टेप करतंय.

चाचा आले ते निघायच्याच दिवशी, सकाळी. संध्याकाळच्या गाडीने मुंबई. गळ्याभोवती मफलर, आवाज अगदी खरखरीत, डॉक्टरांनी बोलायची बंदी केलेली. म्हणाले, "एकदाच बोलतंय हां बाय. दुसऱ्यांदा जमायचं नाय."

आणि नेमकं माझं मशीन रुसलं. त्यातलं मूळचं साउंड पावसाळ्यात फोनच्या तारेतून आलेल्या विजेने जळलं होतं, म्हणून मुंबईहून एक यूएसबी साउंड कार्ड मागवलं होतं. पेन ड्राइव्हएवढं, एक भोक माईकचं, एक हेडफोनचं. माईक लावला, "हॅलो हॅलो" केलं. काही नाही. पंधरा मिनिटं डोकं खाजवल्यावर कळलं की लिनक्स अजून त्या जळक्या कार्डालाच पहिला नंबर देतंय आणि इमानदारीत त्याच्यावरूनच रेकॉर्डिंग करतंय. ते बदललं. तरी नाही. मग पडद्यावरचा आवाजाचा मिक्सर उघडला तर माईकचं कॅप्चरच, म्हणजे आवाज आत घेणंच, बंद. ते चालू केलं. आता आवाज आला, पण एकाच कानात. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, वरची डावी, खालची उजवी. वरच्या पट्टीत माझं "हॅलो" नागमोडी उमटलेलं, खालची पट्टी रेघ मारल्यासारखी सपाट.

चाचा खुर्चीत शांत बसून माझी धावपळ बघत होते. मी सांगितलं, "माईक साधा आहे चाचा, एकाच बाजूचा. उजवीकडे काही येणारच नाही."

हळूच म्हणाले, "उजवीकडची सीट रिकामी हाय म्हणून गाडी सोडायची नाय काय?"

खरंच होतं. डावीकडचं मी नंतर उचलून उजवीकडे चिकटवू शकत होते. म्हटलं, चला. चाचांनी बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकलं. डबल बेल. कंडक्टर देतात तशी. आणि सुरू केलं.

"रत्नागिरीहून सुटणारी मुंबई गाडी..." आवाज फाटत होता, पण उच्चार तेच. हातखंबा, निवळी, बावनदी. प्रत्येक नावानंतर घास चावण्यापुरते थांबत होते. माझं लक्ष पडद्यावर नव्हतंच, मी त्यांच्याकडे बघत होते. दुखत असणार, पण चेहऱ्यावर काही नाही. संगमेश्वर. आरवली. सावर्डे...

सावर्ड्याला खोकला आला. असा आला की थांबेचना. मी पाणी आणलं, पाठ चोळली. खोकला थांबला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. ते पाण्याचा ग्लास हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बराच वेळ बसून राहिले. मी रेकॉर्डिंग बंद केलं, न बघताच सेव्ह केलं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वीस-बावीस वर्षं मी ऐकलेला तो आवाज माझ्या गाळ्यात, सावर्ड्याला संपला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि फाईल लावली. म्हटलं, अर्धी तर अर्धी, पाठवू. डावी पट्टी उचलून उजवीकडे चिकटवायला गेले तर उजवी पट्टी सपाट नव्हती.

आधी वाटलं, घरघर असेल. हेडफोन लावला. डावीकडे कालचंच सगळं: फाटका आवाज, खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, माझं "चाचा, पाणी घ्या". मग डावा कान बंद केला आणि उजवा ऐकला. पंखा नाही, रस्त्यावरच्या रिक्षा नाहीत, मी नाही. फक्त चाचा. स्टँडवरचे, मी शाळेत असतानाचे, धुऊन पुसून ठेवलेल्या अक्षरांचे चाचा. हातखंबा, निवळी, बावनदी, सगळं डाव्या बाजूच्या बरोबरीने. सावर्ड्याला डावीकडे खोकला सुरू झाला, आणि उजवीकडचा आवाज तसाच पुढे निघाला. "चिपळूण. गाडी दहा मिनिटे थांबेल, प्रवाशांनी पाणी पिऊन घ्यावे." खेड, पोलादपूर, महाड, माणगाव, पेण, पनवेल. मुंबई.

पण गाडी थांबली नव्हती. थोडं थांबून तो आवाज म्हणाला, "आणि शेवटचा थांबा, मस्कत. सनाबाईंनी शेवटचा घास घ्यावा, गाडी डेपोत जात आहे."

हे मस्कत कुठून आलं, मला कळेना. मी कसलाच खुलासा न करता फक्त उजवी बाजू शबानाला मेल केली. दोन तासांत फोन. आधी बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज. मग म्हणाली, "ते मस्कतचं तुला अब्बांनी सांगितलं का गं? ते तर फक्त सनाच्या कानात बोलतात. मला सुद्धा तिनेच सांगितलं." मी म्हटलं, मला कुणी काही सांगितलं नाही. आणि मग तिला सगळं सांगितलं.

त्यानंतरचे महिनाभर मी त्या कार्डाच्या मागे लागले. माईक बदलला, मशीन बदललं, पोर्ट बदलला. शंभरदा रेकॉर्ड केलं असेल, उजवी बाजू सपाट ती सपाटच. जुनं रेकॉर्डिंग मिसळलं म्हणावं, तर चाचांचं जुनं रेकॉर्डिंग जगात कुठेच नव्हतं. इंटरनेटवर लिनक्सच्या मंडळींना विचारलं. एकाने लिहिलं, मोकळ्या चॅनलमध्ये, म्हणजे रिकाम्या बाजूत, कधी कधी गोंगाट शिरतो. अहो, शिरत असेल. पण गोंगाट पोलादपूर, महाड, माणगाव असा ओळीने बोलतो का?

चाचा ऑपरेशन होऊन आले. बारीक झालेले, गळ्याशी पांढरं फडकं. आता बोलणं टेबलावर ठोकून. एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो. एसटीच्या बेलचा हिशोब तसाच, एक बेल थांबा, दोन बेल चला. मी त्यांना दुकानात बसवून दोन्ही बाजू ऐकवल्या. उजवी बाजू ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते.

मी विचारलं, "चाचा, सावर्ड्याला तुम्ही थांबलात. मी समोर होते. मग पुढचं कोण बोललं?"

त्यांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मग कपाळावर. मग हात सरळ पुढे नेला, गाडी जाते तसा. मला समजायला वेळ लागला. "म्हणजे... पाण्याचा ग्लास धरून भिंतीकडे बघत होतात, तेव्हा मनात बोलत होतात? मस्कतपर्यंत?"

टक टक.

त्यांना त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. पोरीच्या तोंडात घास होता, गाडी मध्येच कशी सोडायची, असा चेहरा. मी म्हटलं, मुंबईच्या कुणा मोठ्या माणसाला फाईल पाठवून तपासून घेऊ का? एकदाच ठोकलं. विषय संपला. त्या माणसाचा आवाज गेला होता, पण त्याचं ऐकावंसंच वाटायचं.

मे महिन्यात शबाना सनाला घेऊन आली. सना जेवायला माझ्याच दुकानात, कारण गाडी कॉम्प्युटरमध्ये. चाचा शेजारी ताट धरून. मी फाईल लावली. गाडी सुटली, घास जाऊ लागले. सना मन लावून जेवत होती, आणि चाचांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. मी आणि शबाना एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

महाडला लाइट गेला. मशीन बंद, पंखा बंद, सगळं गप्प. मी कपाळावर हात मारला. आता ही पोर भोकाड पसरणार, ताट तसंच राहणार, आणि चाचांना ते बघावं लागणार.

सना रडली नाही. ती चाचांकडे बघत होती. त्यांचे ओठ थांबले नव्हते. "माणगाव," सना म्हणाली आणि आ केला. चाचांनी घास दिला. पुन्हा ओठ हलले. "पेण." घास. "पनवेल." घास. तिला पाठ झालं होतं, की ती ओठ वाचत होती, की आणखी काही... शबानाने नंतर विचारलं तर सना म्हणाली, नाना बोलत होते ना, तुम्हाला ऐकू नाही आलं? (आजोबांना ती नाना म्हणायची.)

मला ऐकू आलं नव्हतं. त्या उजव्या बाजूचंही उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि कार्ड आजही माझ्या खणात आहे, कुणाला तपासायचं असेल तर या. मी फक्त एवढं बघितलं की शेवटचा घास राहिला तेव्हा चाचा सनाच्या कानाशी वाकले, ओठ हलवले, आणि ती हसून "मस्कत" म्हणाली. मग त्यांनी रिकामं ताट बाजूला ठेवलं आणि टेबलावर एकदाच ठोकलं. गाडी पोचली होती.