खोडलेल्या चार ओळी

"टुडे, युवर मिस इज अ परायाह."

आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी माइकवर हे म्हटलं तेव्हा मी त्यांच्या मागं दोन पावलांवर उभी होते. समोर सगळी शाळा रांगेत. प्रार्थना नुकतीच संपलेली. मग त्यांनी अर्थ सांगितला. परायाह म्हणजे वाळीत टाकलेला माणूस. त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याच्याजवळ कुणी बसत नाही. तर आज दिवसभर मिसशी, म्हणजे माझ्याशी, कुणी बोलायचं नाही. वाक्यात उपयोग असा करायचा. मुलं हसली. मॅडम हसल्या. मीसुद्धा हसले.

त्या माझ्या हसण्याची मला अजून चीड येते.

माझा गुन्हा सांगते. आदल्या दिवशी शाळेच्या गेटवर मी माझ्या वडिलांशी मराठीत बोलले होते.

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला ही इंग्रजी शाळा आहे. आवारात मराठी शब्द काढायचा नाही. काढला की वहीत नाव, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी वर्गात कुणी बोलायचं नाही. मी तिथं इंग्रजी शिकवायचे. वहीत नावं लिहायचं काम माझ्याकडंच होतं आणि मी ते इमानेइतबारे केलं. हे लपवून माझी गोष्ट सांगता येणार नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते गंगापूरहून एसटीनं आले होते, दोन ठिकाणी बदलून. हातात प्लास्टिकच्या पिशवीत ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. सरकारी शिक्षक भरतीच्या यादीत माझं नाव लागलं होतं आणि सोमवारी कागदपत्रांची पडताळणी होती.

"माय, ह्यो घे दाखला. आता तुझे ओरिजनल तेवढे राह्यले."

"मागते उद्या. तुमी उन्हाचं कशाला आलात, अण्णा?"

"मंग काय पोस्टानं पाठवू व्हय?"

एवढंच बोलणं. वॉचमननं ऐकलं, मॅडमना सांगितलं. अण्णांना मी गेटच्या आत घेऊ शकले नाही. ते लिंबाखाली पाणी प्यायले आणि परत गेले.

ओरिजनल म्हणजे माझी डिग्री, बीएड, जात वैधता प्रमाणपत्र, सगळं. रुजू होताना ते मॅडमच्या कपाटात जमा करावं लागलं. तीन वर्षांचा बाँड होता. मधेच कुणी सोडून जाऊ नये म्हणून ही सोय. दोन वर्षं झाली होती. मूळ कागदाशिवाय सोमवारी टेबलापर्यंत पोचूनही काही उपयोग नव्हता, आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. पक्की अडकले होते.

आता त्या शब्दाबद्दल. रोज सकाळी मॅडम एक इंग्रजी शब्द सांगायच्या. त्याचा अर्थ, त्याचा योग्य वापर, त्याची जुनी गोष्ट. शाम्पू हा शब्द आपल्याकडच्या चंपीच्या घराण्यातला. लूट इथूनच उचलून नेली, वस्तूही आणि शब्दही. नाइस म्हणजे एके काळी मूर्ख. पालक थक्क व्हायचे. मॅडमचं किती वाचन, म्हणायचे. ती चिठ्ठी रोज मी लिहायचे. शहागंजात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक जाड डिक्शनरी मिळाली होती, कव्हर फाटलेली. तिच्यात प्रत्येक शब्दाचं मूळ गाव दिलेलं आहे. मी मराठी शाळेत शिकले. इंग्रजी मी त्या पुस्तकातून ओढून काढलं, एकेक शब्द करून. मॅडम सर्क्युलरमध्ये 'डिस्कस अबाउट' लिहायच्या आणि मी गुपचूप 'अबाउट' खोडायचे. पण माइक माझ्या हातात कधी दिला नाही. "तुझे उच्चार गावाकडचे आहेत," म्हणायच्या. "तू लिही, मी बोलते." आणि मी त्यातही खूश होते. कामाची वाटत होते ना कुणाला तरी.

परायाहची चिठ्ठीही माझीच होती. आठवडाभर आधी लिहून दिलेली. अर्थाखाली चार ओळींत मी त्याचं मूळ लिहिलं होतं. मॅडमनी त्या चार ओळींवर लाल पेननं काट मारली. "एवढं कडू नको. मुलांना गोड गोष्टी लागतात." आणि चिठ्ठी ठेवून दिली. ती त्यांनी कधी बाहेर काढली ते तुम्ही पाहिलंच.

तो दिवस असा गेला. सातवीच्या वर्गात मी प्रश्न विचारला, एकानंही उत्तर दिलं नाही. आज्ञाधारक मुलं. मागच्या आठवड्यात जिचं नाव मी वहीत घातलं होतं ती मुलगी पहिल्या बाकावरून माझ्याकडं टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, दया पण नव्हती. मला कसं वाटतंय एवढंच तिला बघायचं होतं. माझी मान खाली गेली. मधल्या सुट्टीत गणिताच्या बाईंनी आपला डबा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. जाताना डोळा मारला, म्हणजे गंमत चालली आहे. सगळ्यांना गंमतच वाटत होती. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी ठेवायला मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही.

चार वाजता मी ऑफिसात गेले. म्हटलं, "मॅडम, सोमवारी पडताळणी आहे. एक दिवसापुरते ओरिजनल द्या."

"म्हणजे निवड झाली की पळून जाणार."

"परत आणून देते."

"तुम्हा लोकांचं बरं असतं बाई. सरकार देतंच. आम्ही कुठं जायचं?"

तुम्हा लोकांचं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, चहा मागवावा तसं.

खोलीवर आले. त्या खोडलेल्या ओळी मला तोंडपाठ होत्या. दक्षिणेत तमिळ मुलखात 'परै' नावाचा ढोल आहे. तो वाजवणाऱ्या जातीचं नाव त्या ढोलावरून पडलं. गाव त्यांना शिवत नव्हतं. गोरे लोक आले, त्यांनी ते नाव उचललं आणि हाकलून दिलेल्या कुठल्याही माणसाला लावलं. डिक्शनरीत आज ढोल मुळाच्या कंसात सापडतो. शब्दाच्या अर्थामध्ये फक्त हाकलणं उरलंय.

माझे आजोबा गावात दवंडी द्यायचे. गळ्यात डफडं. गावाची बातमी त्यांच्या तोंडून घराघरांत जायची आणि त्यांना पारावर टेकायला बंदी. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी डफडं चावडीवर नेऊन ठेवलं. म्हणाले, "तुमचं तुमी वाजवा." पुढं वर्षभर गावानं त्यांना काम दिलं नाही. ते डफड्याकडं परत गेले नाहीत. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. अण्णा सांगायला लागले की मी अभ्यासाचं निमित्त करून उठायचे. लाज वाटायची मला, डफड्याची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की लाज माझी नव्हतीच. ती मला कुणीतरी शिकवली होती, आणि मी हुशार विद्यार्थिनी होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. मॅडम पुढं यायच्या आत मी माइक हातात घेतला आणि मराठीत बोलले.

"काल तुम्हाला परायाह शब्दाचा अर्थ सांगितला. त्याची गोष्ट सांगायची राहिली. ती मी लिहिली होती."

ढोल सांगितला. जात सांगितली. माझे आजोबा सांगितले. "वहीत तुमची नावं मी लिहिली," म्हटलं, "ती चूक माझी. आजपासून लिहिणार नाही." मॅडमनी शिपाईमामांना खूण केली, माइक बंद झाला. मी आवाज चढवून उरलेलं पुरं केलं. या वेळी कुणी हसलं नाही.

ऑफिसात टेबलावर माझी फाइल काढून ठेवलेली होती. दोन वर्षांनी पाहिली. वर वैधता प्रमाणपत्र, त्याचा कोपरा दुमडलेला. शेजारी एक टाइप केलेला कागद. इंग्रजीत लिहिलं होतं की मी गैरवर्तन केलं, मुलांना खोटी माहिती सांगितली, आणि माफी मागते.

"सही कर आणि फाइल घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "बाँड पण माफ. मी काही वाईट बाई नाही."

पेन त्यांनी टोपण काढून दिलं होतं. मी पेन हातात घेतलं, खोटं कशाला सांगू. अण्णा डोळ्यांसमोर आले, पिशवी घेऊन एसटीत उभे. एक सही. कोण बघणार होतं?

मी विचारलं, "यात खोटं काय आहे ते दाखवा."

"प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही."

"मग 'खोटी' शब्द काढा."

"नाही निघणार."

पेन ठेवलं. फाइलला हात लावला तर त्यांनी ती ओढून घेतली आणि कपाटात टाकली. किल्ली फिरली. गेटबाहेर येऊन अण्णांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "सही नाय केली ना?"

"नाय."

"बरं. उद्या येतो मी. ठाण्यात दोघं जाऊ."

काल तक्रार दिली. हवालदारानं तीन वेळा विचारलं, मॅडम तशा चांगल्या आहेत ना? एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिली, शिक्का मारून पोच घेतली. सोमवारपर्यंत काही होईल असं मला वाटत नाही.

सोमवारी मी झेरॉक्स घेऊन जाणार आहे. टेबलामागचा माणूस मूळ प्रती मागेल. कुणाच्या कपाटात आहेत आणि कशासाठी अडवल्यात ते मी नावानिशी सांगेन, मागं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. कदाचित माझं नाव यादीतून जाईल. गेलं तर पुढच्या भरतीला बसेन, तोवर भाजी विकेन. पण माझ्या आजोबांची गोष्ट खोटी आहे, असं माझ्या सहीनं कुठंही लिहिलेलं सापडणार नाही.