शाखावार्ता पाठवणारी बाई

आमच्या बँकेच्या शाखा लंडनपासून हाँगकाँगपर्यंत पसरल्या होत्या. सगळ्यांना एकमेकांची खबरबात कळावी म्हणून मुंबईहून दर तीन महिन्यांनी गुळगुळीत कागदाची गृहपत्रिका निघायची. परदेशातल्या शाखेची दिवाळी आणि आमच्या बेळगावच्या शिपायाच्या मुलाचं लग्न, दोन्ही एकाच पानावर. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा आमच्या मॅनेजरांनी मला शाखेची वार्ताहर नेमलं. माझं इंग्रजी बरं होतं आणि नाही म्हणायची माझी सोय नव्हती. निपाणीला बदली मिळावी म्हणून केलेला माझा अर्ज पडून होता. मी बेळगावात, खासबागेतल्या भाड्याच्या खोलीत आणि तिकडे निपाणीला आई एकटी. तंबाखूच्या वखारीत जन्म घालवून तिच्या छातीचा भाता झाला होता.

वार्ताहर झाले त्या आठवड्यापासून मी डबा घेऊन टेबलाशी बसले की गप्पा भाजीच्या मिठावर यायच्या. कारण कळायला वेळ लागला नाही. बँकेच्या नोकराला दुसरा धंदा करायची बंदी होती आणि आमच्या अर्ध्या शाखेचं दुसरं पोट बायकोच्या नावावर चाललं होतं. कुणाची विम्याची एजन्सी, कुणाच्या शिकवण्या, कुणाचं टिळकवाडीत वह्या-पुस्तकांचं दुकान. मुंबईला बातम्या धाडणारी बाई आणखी काय काय धाडत असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. कानडी बोलणारे आणि मराठी बोलणारे एरवी कशावरून एक होत नसत. माझ्याबाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं.

मीही काही गरीब गाय नव्हते. माझ्यावर संशय घेणाऱ्यावर दुप्पट संशय घ्यायला मी शिकले. मॅनेजरांच्या केबिनमधून कोण हसत बाहेर येतं, फोनवर कोण आवाज खाली करतं, सगळं मी टिपून ठेवू लागले.

एकटे हेडकॅशिअर आप्पा तेवढे माझ्याशी नीट वागत. ते वडगावच्या विणकर घराण्यातले. घरात पिढीजात माग, अर्थात बायकोच्या नावावर. युनियनचे शाखा प्रतिनिधीही तेच आणि त्यांच्या शब्दाशिवाय कुणाचा बदलीचा अर्ज पुढे सरकत नसे. माझ्यासाठी शब्द टाकायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांची मुलगी दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा ते आपणहून माझ्याकडे आले.

‘‘आक्का, पोरीचं पत्रिकेत येऊ द्या की. मुद्दाम फोटोवाल्याला घरी बोलवून फोटो काढून घेतलाय.’’

नव्या साडीतली, गळ्यात हार घातलेली पोर. मी दोन ओळी लिहिल्या, फोटो जोडला. छापून आलं त्या दिवशी आप्पांनी सगळ्या शाखेला कुंदा वाटला.

पुढच्या महिन्यात विभागीय कार्यालयातले दोन साहेब थेट आप्पांच्या घरी गेले. साड्या कोण विणतं, कोण विकतं, बँकेची वेळ सोडून आप्पा काय करतात, सगळं खोदून विचारलं. आप्पांना ताकीद मिळाली आणि तोंडाशी आलेली बढती गेली. चहाडी कुणी केली, हे शाखेला शोधावंच लागलं नाही. ती वार्ताहर म्हणून समोर बसलीच होती. आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. अर्जाचं विचारलं तर म्हणाले, ‘‘बघू.’’ या ‘बघू’चा अर्थ बँकेत सगळ्यांना कळतो. त्याच थंडीत आईला शेजारणीनं टांग्यात घालून दवाखान्यात नेल्याचं मला दुसऱ्या दिवशी समजलं.

संतापून मी तो अंक काढला. माझ्या दोन ओळींत मागाचा शब्दही नव्हता. मग फोटो नीट पाहिला. पोरीच्या खांद्यामागे माग दिसत होता, त्यावर अर्धी विणलेली साडी आणि कडेला विक्रीला घड्या घातलेल्या साड्यांची थप्पी. विणकराच्या घरात चांगला उजेड मागापाशीच असतो, खिडकी तिथंच ठेवतात. फोटोवाल्यानं पोरीला उजेडात उभं केलं. घरच्यांना माग दिसला नाही, कारण तो त्यांना रोजचाच. विभागीय कार्यालयात मात्र तो कुणाच्या तरी डोळ्यांत भरला.

मी अंक आप्पांपुढे ठेवला. ‘‘फोटो तुमीच दिलतासा, आप्पा.’’

त्यांनी अंक जवळ ओढून फोटोतल्या मागावर बोट ठेवलं. ‘‘व्हय की,’’ म्हणाले. मग हळूच, ‘‘बाहेर बोलू नगासा, आक्का. तिच्या फोटोनं बापाची बढती गेली, हे पोरीच्या कानावर गेलं तर ती लई लावून घेईल.’’

‘‘आनि समदी मला काय म्हनत्यात, त्येचं काय?’’

त्यांनी अंक मिटून माझ्याकडे सरकवला. म्हणाले, ‘‘तुमची बदली करून देतो. तिकडं गेलासा की हितलं हितंच ऱ्हाईल.’’

बदलीचा हुकूम खरंच झटपट आला. शाखेच्या लेखी ते चहाडीचं बक्षीस होतं आणि आप्पांनी ते कुणापाशी खोडून काढलं नाही.

निपाणीच्या शाखेतला पहिला दिवस. दुपारी मागच्या खोलीत सगळे चहाला जमले होते, हसण्याचा आवाज बाहेर येत होता. मी दारात गेले आणि आवाज थांबला. शिपाई अदबीनं म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचा च्या तुमच्या टेबलावर ठेवलाय.’’ ठेवला होता खरा, वर बशी झाकून. बेळगावची बातमी माझ्याआधी पोचली होती का? की आमचं घर बुद्धविहारामागच्या वस्तीतलं, हे निपाणीत कुणी सांगायची गरज नव्हती? कारण कुठलं, हे मी तिथं होते तितकी वर्षं प्रत्येकाच्या तोंडावर शोधत राहिले. मला ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई उंबऱ्यात वाट बघत बसली होती. तिच्या तरुणपणी वखारीबाहेरच्या हॉटेलात आमच्या लोकांच्या कपबश्या वेगळ्या असत. बँक कशी आहे, साहेब कसा आहे, यातलं तिनं काही विचारलं नाही.

‘‘च्या समद्यांच्या संगट दिला न्हवं गं?’’

‘‘व्हय आई,’’ मी म्हणाले, ‘‘समद्यांच्या संगट.’’