मधल्या दोन तारा

माझा भांडी घासायचा स्पंज तिसऱ्यांदा गायब झाला तेव्हा माझं डोकं फिरलं. ओले हात तसेच घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले. आमचे हे खुर्चीत बास गिटार मांडीवर घेऊन बसलेले, आणि माझा हिरवा-पिवळा स्पंज तारांखाली खुपसलेला.

"अहो, भांडी काय गिटारने घासू?"

"थांब, एवढं होऊ दे," हे म्हणाले. मान काही वर केली नाही.

लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे वाक्य मी रोज ऐकते. जेवण गार होऊ दे, दारात पाहुणे येऊ देत, उत्तर तेच. बोलून उपयोग नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं, म्हणून मी सरळ जाऊन तारांवर पंजा ठेवते. आवाज बंद, वाद बंद, माणूस ताटावर. त्या दिवशीही ठेवला, पण बंद करायला आवाज होताच कुठे! स्पंजाने तो आधीच गिळलेला.

यांचा धंदा सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवायचा. आमच्याच इमारतीत खाली दुकान आहे. गिऱ्हाईक तासभर तक्रार सांगतं आणि हे तोवर सोफ्यात अंगठा दाबून कुठे काय बसलंय ते ओळखून मोकळे झालेले असतात. बोलणं मोजकं. एकदा बसवलेली गादी दहा वर्षं हलली नाही पाहिजे, एवढाच यांचा अभिमान.

आणि रविवारी बँड. एकोणीस वर्षं हे हॉलमधल्या समारंभांत बास वाजवतात. गायकाचं कौतुक होतं, ड्रमवाल्याकडे मुलं टक लावून बघतात, यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझी सख्खी बहीण अजून विचारते, "भाऊजी नेमकं वाजवतात काय? मला तर ऐकूच येत नाही." मला राग बहिणीचा येत नाही, यांचा येतो. कारण हे हसतात.

दोन वर्षांपूर्वी रेक्झिन कापताना सुरी सटकली आणि यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आतून कापलं गेलं. डॉक्टरांनी शिवलं, जखम भरली, पण ती दोन बोटं कपाचा कान धरल्यासारखी वाकडी राहिली. व्यायाम सांगितला होता. केला का? चार दिवस. दुकानातलं काम काय, उरलेल्या आठ बोटांनी होतं. गिटारचं होईना.

का होईना, ते मला यांनी एकदा फार वैतागून दाखवलं. एक तार छेडली की शेजारच्या तारा न विचारता आपोआप गुणगुणायला लागतात. रिकामी बोटं त्यांच्यावर नुसती टेकवून त्यांना गप्प ठेवायचं असतं. यांच्याकडे ते काम नेमकं त्या दोन बोटांचं होतं. आता ती हवेत राहायची आणि प्रत्येक सुरामागे नको तो घों-घों आवाज यायचा.

बँडमध्ये एक शब्द सांगितला नाही. त्याऐवजी तारांखाली, त्या जिथे टेकतात त्या घोडीपाशी, काहीतरी खुपसून सगळ्याच तारांचा आवाज आखूड करायचा असं यांनी ठरवलं आणि माझ्या घराची वाट लागली. सोफ्याचा मऊ स्पंज घातला तर घों-घों तशीच. कडक घातला तर लाकडी खोक्यावर टकटक केल्यासारखा आवाज. मग माझ्या चपलेचा तळ गेला, इस्त्रीच्या टेबलाचं फेल्ट गेलं. शेवटी जमला तो माझा भांड्यांचा स्पंज. माझं नशीब!

बँडचे मास्तर शाळेत गणित शिकवतात. ते खूश. "काय हो, आवाज एकदम सुटसुटीत झालाय तुमचा!" त्यांना वाटलं, नवी फॅशन. हे पुन्हा हसले.

मग मास्तरांनी बँडचं स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं काढलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्या गाण्याच्या शेवटी सगळे थांबतात आणि आठ मात्रा फक्त बास घुमतो: सगळ्यांत जाड तार मोकळी, सगळ्यांत बारीक तार वर दाबलेली, चारांतल्या मधल्या दोन गप्प. ती जागा हात धड होता तेव्हा यांनीच बसवलेली. एवढ्या वर्षांत माझ्या बहिणीलाही ऐकू येईल अशी ती एकच जागा. आणि स्पंज घातला की तिथे आठ मात्रांऐवजी एक "ठप" यायचं. स्पंज काढून मधल्या दोन गप्प ठेवायला बोटं नाहीत. तीन आठवडे हे त्या खुर्चीत बसून "ठप" करत होते आणि मी आत भांडी आपटत होते.

"मास्तरांना सांगा ना सरळ."

"त्यांचा भाचा की-बोर्डवर डाव्या हाताने बास वाजवतो. सांगितलं की मी घरी."

तर रविवारी दुपारी मी स्टुडिओत, यांच्या उजव्या बाजूला ठेंगण्या स्टुलावर. मास्तरांना वाटलं, वहिनी ऐकायला आल्यात. माझ्या हातात स्पंजाला ओवलेला दोरा होता. शेवटच्या सुराआधी मी तो खेचायचा. मधल्या दोन तारा हे बाकीच्या बोटांनी कशाबशा सांभाळणार होते. भिंतींना लावलेल्या फोममध्ये यांनी अंगठा दाबला आणि हे म्हणाले, "हलका माल." म्हणजे घाबरले होते.

गाणं सुरू झालं. शेवट आला, मी दोरा खेचला. दोरा माझ्या हातात आला, स्पंज तिथेच. ठप.

का, तर आदल्या दिवशी या गृहस्थांनी स्पंज सरकू नये म्हणून त्याला खालून सोफ्याचा गोंद लावलेला. आयुष्यभर सुटू नये म्हणूनच सगळं बसवलं. सुटावं म्हणून काही बसवायची यांना सवयच नाही. मला हसावं की रडावं कळेना. मास्तर विचारत होते काय झालं, आणि हे नखाने गोंद खरवडत होते.

दुसऱ्यांदा स्पंज व्यवस्थित निघाला. सूर भरून आला आणि त्याच्या पाठोपाठ घों-घों. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज आला, "मागे काय गुणगुणतंय?"

मास्तर जवळ आले. त्यांनी यांच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," हे म्हणाले.

मास्तर वाईट माणूस नाहीत. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग घड्याळाकडे बघितलं. "अर्धाच तास उरलाय हो. बास भाच्याला वाजवू द्या. कुणाला कळणारसुद्धा नाही."

कुणाला कळणारसुद्धा नाही! आणि हे हसले. तेच हसणं. हसून गिटारच्या पिशवीची चेन उघडायला लागले.

माझा पारा चढला. "अहो, ठेवा ती पिशवी! मास्तर, आणखी एकदा."

"राहू दे गं," हे म्हणाले.

"राहू दे काय? माझे तीन स्पंज गेले, चप्पल गेली! कुठल्या तारा गप्प ठेवायच्यात, सांगा मला."

हे बघतच राहिले. "मधल्या दोन. पण दाबायच्या नाहीत. नुसती बोटं टेकवायची."

"तेवीस वर्षं काय करतेय मी?" मी म्हटलं.

भाचा खुदकन हसला. मास्तरांनी त्याच्यावर डोळे वटारले आणि मला बोटाने खूण केली, एकदाच.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. मला गाणं ऐकू येतच नव्हतं, मी फक्त यांचा उजवा हात बघत होते. सगळे थांबले. डाव्या हाताने मी स्पंज ओढला, उजव्या हाताची दोन बोटं मधल्या दोन तारांवर टेकवली, आणि यांनी सूर सोडला.

तो माझ्या बोटांच्या दोन्ही बाजूंनी निघाला. गिटारच्या लाकडातून, स्टुलातून, माझ्या दातांपर्यंत आला. माझ्या बोटांखालच्या तारा मात्र गप्प होत्या. एवढा मोठा आवाज हा माणूस एवढी वर्षं घरात करत होता आणि मी रोज त्यावर पंजा ठेवत होते. मला रडू फुटायला आलं होतं. दात आवळून धरलं.

सहा. सात. आठ. सूर संपलाच नाही. यांचे डोळे मिटलेले. स्टुडिओची वेळ संपत आली होती. मास्तरांनी थांबा म्हणून खुणावायला हात वर केला.

मी स्पंज धरलेला हात मास्तरांपुढे केला आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "थांबा, एवढं होऊ दे."