टाकीचं खाकरणं

आबा गेले त्या आठवड्यात आमच्या असोद्याच्या घरामागची गोबरगॅसची टाकी माणसासारखी खाकरायला लागली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो गोबरगॅस मीच हट्टानं बांधला होता. शेणाच्या खड्ड्याला घरातला संडासही जोडला. कुठल्याशा शिबिरात ऐकून आलो होतो आणि ऐकलेलं सगळं करून बघायची मला खोड. आबांनी ओट्यावर बसून चारचौघांत जाहीर केलं, "त्या घानीवरचा चहाबी मी तोंडाले लावनार नाही." माय सगळ्यांचं गॅसवर रांधायची आणि आबांपुरती चूल पेटवायची. तिच्या डोळ्यांची आग मात्र थांबली होती.

सुतकात घरात रांधणं बंद. जेवण शेजारून यायचं. पाहुण्यांनी घर भरलेलं, खड्ड्यात भर रोजची, गॅस जाळणारं कोणी नाही. शेणकाल्यावर तरंगणारी लोखंडी टाकी गॅस साठून चढत चढत पार वर आली आणि जास्तीचा गॅस काठाशी फुटू लागला. तो आवाज थेट आबांचा. अंगणात शिरताना ते असेच खाकरायचे. कारण मला तोंडपाठ होतं, गावाला मीच समजावलं होतं. तरी मी परसात पाऊल टाकेना. गावाला संडास शिकवणारा मी, टमरेल घेऊन शेतात जाऊ लागलो.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. मी हात जोडून बहिणीचं लग्न कबूल केलं, विहिरीचं काम कबूल केलं. काका मला म्हणाले, "भाऊ, त्या गॅसचं बोल. त्याच्यातच जीव अडकला त्याचा."

"आबा, उद्याच टाकी मोडतो," मी म्हणालो.

कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

मागून माय हळूच म्हणाली, "उलटं म्हन."

"म्हणजे?"

"टाकी राहील म्हन. चूल नुसती लोकायले दाखवाले होती. चहा गॅसवरचाच पेत. टाकी किती चढली ते रोज पाहून येत, खाकरत. तुले सांगू नको म्हनत."

मी तसं बोललो. कावळा खाली उतरला.

तेराव्याला मायनं शेगडी पेटवली. टाकी हळूहळू खाली बसली आणि खाकरणं थांबलं. ते थांबल्यावर घर जास्तच रिकामं वाटलं.

तेव्हापासून परसात जाताना मीच खाकरतो. तिथं कोणी नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी आधी खाकरतो, मगच पाऊल टाकतो.