लिंबाखालचं प्रभुभोजन

मंडळी, आज सकाळी मी महारोग्यांच्या वस्तीत जाऊन माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची, दादाची दाढी केली. रोगानं त्याची बोटं गेली, वस्तरा धरवत नाही. मग त्याला बैलगाडीत घालून जालन्याच्या देवळात नेलं. आज आपल्या धर्मप्रांताचा वाढदिवस होता.

मिशननं महारोग्यांची किती सेवा केली, ते बिशपसाहेबांनी उपदेशात सांगितलं. त्या वेळी ते महारोगी बाहेर लिंबाखाली बसले होते. आपल्याकडं प्रभुभोजनात द्राक्षरसाच्या एकाच प्याल्यातून सगळे पितात, पण तो प्याला आतल्या सगळ्यांचा झाल्यावरच त्यांच्याकडं जातो.

मी उठून बाहेर गेलो. दारातले पंच म्हणाले, "अहो, तुमची जागा आत हाय. घरी लेकरं हायेत ना?"

दादा हसला. "जा बाबा आत. आमचं उष्टं देवबी घेत न्हाई."

लेकरांना रोग लागेल ही भीती मलाही आहे. ती अजून गेलेली नाही. तुमचा सख्खा भाऊ तिथं बसला असता, तर तुम्ही काय केलं असतं?

मी दादाच्या पलीकडं बसलो. पाळक प्याला घेऊन आले. आधी दादा प्यायला, त्याच्यानंतर मी.