मेहुण्याचं पॉलिश

गेल्या दसऱ्याला माझ्या मेहुण्याने आमच्या घरातली लाकडी जमीन फुकटात पॉलिश करून दिली, आणि दिवाळी यायच्या आत मी त्याला घराबाहेर काढलं.

एका वाक्यात सांगितलं की हे वाईट दिसतं, मान्य आहे. सविस्तर सांगितलं की आणखी वाईट दिसतं. पण मी तापट माणूस आहे, लपवाछपवी मला जमत नाही. (ऑफिसात माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या कोणाला पडल्या नसतील. लोक मनापासून वाजवत होते!)

आमचं घर गिरगावात, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जमीन सागवानी फळ्यांची. पण वडिलांच्या काळात तिच्यावर लिनोलियम अंथरलं गेलं आणि खाली सागवान आहे हे आम्ही विसरूनच गेलो. ते लिनोलियम पार फाटलं तेव्हा सुलभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ विलास ते उचलून खाली वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"भावोजी, हे सोनं झाकून ठेवलंत तुम्ही?"

विलासचं परळला फर्निचर पॉलिशचं दुकान आहे. माणसं लावून त्याने फळ्या घासल्या, फटी भरल्या आणि वर लाखेचं पॉलिश चढवलं. जमीन अशी झाली की सुलभा तिच्यात वाकून कुंकू नीट करायला लागली! पैशांचं विचारलं तर म्हणाला, "ताईच्या घराचे पैसे घेऊ? आईने वरून धपाटा घातला असता." जाताना त्याने एकच बजावलं, "भावोजी, ह्या पॉलिशचा शत्रू एकच. पाणी. सांडलं तर लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. साचून राहिलं की पांढरा डाग पडणार."

झालं! निवृत्त माणसाला काम मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून मी खांद्यावर कोरडं फडकं टाकून घरभर पहारा सुरू केला. मोरीतून बाहेर पडणाऱ्याने उंबऱ्यावर थांबून पाय पुसायचे, दोन्ही, बोटांच्या मधूनसुद्धा. सुलभाने तुळशीला पाणी घालायला तांब्या नेला की मी तांब्याखाली हात धरून मागोमाग. कामाला येणाऱ्या संगीताने फडकं कितीही पिळलं तरी मी म्हणायचो, "अजून पीळ." शेवटी ती म्हणाली, "साहेब, फडकं फाटंल आता. आणि चालायचं कसं? उडत येऊ का?"

मुलगी मैत्रेयी तेव्हा सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरपणाला आली होती. ती आणि सुलभा टेबलावर जेवायच्या. मी मात्र जन्मभर खाली बसूनच जेवत आलोय. मांडी घालून जेवल्याने पचन सुधारतं, हे मी टेबलावरच्या लोकांना रोज सांगतो. उकडत असलं की पंख्याखाली बसायचं, वारा असला की खिडकीशी, आणि मॅच असली की टीव्हीसमोर. ताट आलं, पाणी फिरवलं, जेवायला सुरुवात. मला जेवायला वेळ लागतो, कारण जेवताना मी इतरांच्या चुका सांगतो.

आठवडा गेला असेल. एका सकाळी पंख्याखाली मला एक पांढुरकं वर्तुळ दिसलं. चांगलं परातीएवढं!

"सुलभा! पाणी कोणी सांडलं?"

"अहो, तुमच्यासमोर पाणी प्यायची भीती वाटते आम्हाला. सांडतोय कशाला?"

पहिला संशय आला नातीवर. मी फर्मान काढलं की ह्या घरात बाळाला मेणकापडाशिवाय खाली ठेवायचं नाही. पिवळं, बदकांची चित्रं असलेलं ते मेणकापड मी स्वतः जाऊन आणलं. मैत्रेयी भडकली.

"बाबा, हे वर्तुळ आहे. ती काय कंपास घेऊन शू करते?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो ऐकला नाही. तेवढ्यात खिडकीशी दुसरं वर्तुळ निघालं. मग टीव्हीसमोर तिसरं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फळ्यांना नाक लावलं तर खालून आमटीचा वास आला. लगेच ट्यूब पेटली. वाफ! खालच्या मजल्यावरच्या प्रधानकाकूंचा कुकर! मी तसाच, खांद्यावर फडकं, खाली गेलो.

"काकू, तुमच्या कुकरच्या वाफेने माझं पॉलिश जातंय."

"मग मी भात कच्चा खाऊ?"

"पोळ्या खा ना!"

काकूंनी दार लावून घेतलं. मागाहून आतून शिट्टी ऐकू आली. मला अजूनही वाटतं की ती त्यांनी मुद्दाम वाढवली.

मग मी उपाय हाती घेतले. मोबाईलवर बघितलं. एक म्हणतो टूथपेस्ट चोळा. चोळली. वर्तुळाला पुदिन्याचा वास आला, बाकी काही नाही. दुसरा म्हणतो खोबरेल तेल लावा. लावलं, आणि त्यावरून मीच असा घसरलो की थेट देव्हाऱ्यासमोर दंडवत! तिसरा म्हणतो, डागावर कापड ठेवून इस्त्री फिरवा, आत शिरलेलं पाणी उडून जातं. फिरवत होतो. तेवढ्यात खाली पुन्हा शिट्टी झाली, मी ओरडायला खिडकीशी गेलो, आणि परत येऊन बघतो तर पंख्याखालच्या वर्तुळाच्या मधोमध इस्त्रीचा काळा त्रिकोण.

आता, इस्त्रीचा डाग माझा, हे मी मान्य करतो. पण मुळात वर्तुळ पडलंच नसतं तर मी इस्त्री काढली असती का? म्हणजे इस्त्रीसुद्धा विलासचीच चूक!

मी फोन करून त्याला बोलावलं. बिचारा दिवाळीच्या गर्दीत दुकान टाकून आला, येताना ताईसाठी चिवडा घेऊन.

"ये, बघ तुझी कर्तबगारी!"

तो गुडघ्यावर बसला. वर्तुळावरून बोट फिरवलं. "भावोजी, इथे पाणी साचलं होतं."

"पाणी? ह्या घरात? माझ्या देखत?"

"पाण्याशिवाय असा डाग पडत नाही हो. आणि हा काळा कसला?"

"विषय बदलू नको!"

"बरं. पण पांढरं आहे ते पाणीच आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मी कधी म्हटलं?"

"खोटं तुझं पॉलिश आहे! फुकट द्यायचं म्हणून दुकानातला गाळ आणून ओतलास माझ्या घरात!"

बोललो. तोंडातून निघालं ते निघालं. विलास हळूच उठला. सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात त्याच्यासाठी चहाचा कप.

"भावोजी, माझ्या आईच्या तिरडीला खांदा दिलात तुम्ही, म्हणून गप्प बसतो. बहिणीच्या घरात मी गाळ ओतीन? हा शब्द मागे घेईपर्यंत मी पायरी चढणार नाही."

"नको चढूस! निघ!"

तो गेला. चहाच्या कपावर साय धरली.

त्यानंतर सुलभाने माझ्याशी भांडायला हवं होतं. भांडणात मला कोणी हरवू शकत नाही. पण ती भांडलीच नाही. ताट वाढून टेबलाशी जाऊन बसायची. मीठ कमी आहे म्हटलं तर मिठाचा डबाच आणून ठेवायची. फराळाला चकल्या केल्या त्या माझ्या आवडीच्या, आणि त्या विलासच्याही आवडीच्या. त्याच्या नावाचा डबा भरून तिने फडताळात ठेवला आणि फडताळाचं दार लावताना डोळे पुसले. मी बघितलं. बघून मला आणखी राग आला, कोणाचा ते कळेना, म्हणून मी संगीतावर ओरडलो.

शेवटी मीच विचारलं, "भाऊबिजेला काय करणार आहेस?"

"भाऊ नसलेल्या बायका करतात तेच. चंद्राला ओवाळीन."

"अगं, पण..."

"गच्चीवरसुद्धा जायला नको. घरातच पाडून ठेवलेत की ढीगभर चंद्र. त्यातलाच एक ओवाळते." मग आवाज फुटला तिचा. "आईबाबा गेल्यावर माहेर म्हणून तो एकटा उरलाय हो मला. एका डागासाठी तोही घालवलात!"

तरी मी म्हणालो, "डाग एक नाही, चार आहेत."

अशा वेळी खरं तर मला गॅलरीतून खाली टाकायला हवं होतं. माणसं चांगली, म्हणून वाचलो.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी दुपारी मी देव्हाऱ्याजवळ जेवायला बसलो. मैत्रेयी बाळाला मांडीवर घेऊन समोर टेबलाशी होती. ताट आलं. मी हात जोडले, नेहमीसारखी सुरुवात केली, आणि मैत्रेयी एवढ्या मोठ्याने ओरडली की बाळ रडायला लागलं.

"बाबा! हलू नका! हात आहे तिथेच ठेवा!"

"का? पाल आहे का?"

"तुमच्या हातात काय आहे?"

"माझ्या हातात? काय असणार? पाणी!"

"आणि ते कुठे ओतताय?"

मी खाली बघितलं. उजव्या तळहातातून पाणी बारीक धारेने पडत होतं. ताटाभोवती अर्धा फेरा झाला होता, अर्धा बाकी होता.

चित्राहुती! मुंजीत आजोबांनी शिकवलं की ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय घास उचलायचा नाही. तेव्हापासून दोन्ही वेळा हा हात आपोआप फिरतोय. लिनोलियम होतं तोवर त्याने बिचाऱ्याने सगळं सोसलं. आणि पॉलिश झाल्यापासून मी पंख्याखाली, खिडकीशी, टीव्हीसमोर, जिथे बसेन तिथे पाणी ओतून वर खुशाल जेवत बसत होतो, पाण्याच्या एकेका थेंबावर भाषण देत!

सुलभा टेबलावरून उठली. तिने माझ्यासमोरचं ताट उचललं, आमटीसकट, आणि पंख्याखालच्या वर्तुळात ठेवलं. वर्तुळ ताटाबाहेर सगळीकडून सारखं, बोटभर. मग खिडकीशी. तिथेही तसंच. मग टीव्हीसमोर. मी मांडी घालून बसलेलो, माझं जेवण घरभर हिंडत होतं. शेवटी ते परत पंख्याखाली आणून तिने इस्त्रीच्या त्रिकोणावर ठेवलं.

"बसा. तुमचीच जागा आहे."

मी चिडलो. नाही तर काय करणार? "पण मग तुम्ही इतके दिवस का बोलला नाहीत? तुमच्या डोळ्यांसमोर तर करतोय मी हे!"

"लग्न झाल्यापासून बघतेय हो. आता दिसतच नाही मला ते. तुमच्या ओरडण्यासारखंच."

मैत्रेयीने माझा मोबाईल माझ्या हातात दिला. नंबर लावूनच.

"विलास, मी बोलतोय. ते पाणी माझंच होतं."

"कसलं पाणी, भावोजी?"

"चित्राहुतीचं!" मी ओरडलो. माफीसुद्धा मला हळू आवाजात मागता येत नाही. "पॉलिश चोख आहे! गाळ माझ्या डोक्यात आहे! शब्द मागे घेतला! उद्या ये, नाही तर मी परळला येऊन तुझ्या दुकानासमोर बसेन!"

त्यानंतर नुसतं खदखदून हसणं. दुकानातल्या माणसांनाही तो सांगत होता, कारण मागून आणखी हसण्याचे आवाज यायला लागले.

"हसून झालं की ये," म्हणालो आणि फोन ठेवला.

भाऊबिजेला विलास आला. सुलभाने त्याला ओवाळलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मला जमिनीकडे बघवेना. चकल्यांचा डबा फडताळातून निघाला. मी प्रधानकाकूंना चकल्या नेऊन दिल्या. ("पोळीबरोबर खाऊ का भाताबरोबर?" एवढंच विचारलं त्यांनी.)

मग विलास म्हणाला, "ताई, आज टेबल नको. भावोजींच्या पंगतीला बसूया." डाग काढायचं सामान तो पिशवीत घेऊनच आला होता, पण म्हणाला, आधी जेवण. सगळ्यांना पाट मांडले. विलासला, मैत्रेयीला, सुलभाने स्वतःलाही. मी माझा पाट शोधत होतो, तेवढ्यात सुलभा आतून आली, आणि तिने माझ्या जागेवर ते पिवळं मेणकापड अंथरलं. बदकं वरच्या बाजूला, सुरकुती न पडता. त्यावर माझा पाट, पाटासमोर माझं ताट.

"आता फिरवा हवं तेवढं पाणी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली होती, म्हणून मी काही बोललो नाही. (माझ्या आयुष्यातली ही एकमेव वेळ.)

विलासने सगळे डाग काढले. इस्त्रीचा तेवढा राहिला, तो सुलभाने मुद्दाम ठेवून घेतला. नात आता घरभर धावते, तिचं मेणकापड कधीच सुटलं. माझं अजून सुटलेलं नाही.