प्रधानजींची काठी

"आज भाजी कुठली करू?" असं गौरम्मानं नवऱ्याला एकदाच विचारलं होतं, लग्नाच्या नव्या नवलाईत. महादेवप्पा दुपार टळेपर्यंत विचार करत बसला आणि मग म्हणाला, "तुला काय वाटतं?" त्या दिवसापासून घरातली मसलत गौरम्माकडे गेली ती गेलीच.

सोलापुरात सिद्धेश्वराच्या वाटेवर त्याचं विभूती-कुंकवाचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की हा आपला मान डोलवायचा, आणि आतून गौरम्माची कानडी हाक यायची, "रीऽ, मान आवरा! त्या मानेपायी दुकान जाईल एक दिवस!"

पण संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली, आळीच्या नाटकाचा पडदा वर गेला, की हाच महादेवप्पा प्रधान बुद्धिसागर होऊन सिंहासनाच्या डाव्या अंगाला उभा राहायचा. पांढरी दाढी, जरीचा पटका, हातात पितळी मुठीची काठी. काठी फळीवर आपटून तो "महाराज!" म्हणाला की तंबाखू मळणारे हात थांबायचे. नाटक दरसाल तेच. शत्रूचा वेढा पडतो, राणी म्हणते गड सोडू या, राजा वीरसेन गोंधळतो, आणि प्रधान सांगतो, "महाराज, राजानं गड सोडू नये. पाय सुटला की धीर सुटतो." राजा ऐकतो, पाचव्या अंकात शत्रू पळतो, लोक टाळ्या पिटतात. दरसाल प्रधानाचंच खरं ठरायचं.

होता होता लोक दुकानातही विचारायला लागले. "प्रधानजी, म्हैस घ्यावी का ओ?" "प्रधानजी, पोरीला इजापूरचं स्थळ आलंय." काठी वर्षभर दुकानातच टांगलेली असायची. महादेवप्पा ती काढायचा, फरशीवर आपटायचा आणि नाटकातलंच एखादं वाक्य भारदस्त आवाजात टाकायचा. कधी लागू पडायचं, कधी नाही. पडलेलं लोक लक्षात ठेवायचे, न पडलेलं नशिबावर घालायचे.

"ते वाक्य नाटकवाल्या गंगाधर मास्तरानं लिहिलंय," गौरम्मा म्हणायची. "तुमचं काय आहे त्यात?"

"आवाज," महादेवप्पा म्हणायचा. लाजून म्हणायचा, पण म्हणायचा.

त्या साली मार्गशीर्षातच नाटकाचा नारळ फुटला. नारळ फुटला की नाटक होईपर्यंत कुठल्याही पात्रानं वेस ओलांडायची नाही, असा आळीचा नेम होता. कुणावर तसाच बाका प्रसंग आला, तर सूट द्यायचा मान काठीवाल्याचा, म्हणजे प्रधानाचा. आजवर ती कुणी मागितली नव्हती.

आणि आठवड्याभरात आळीत उंदीर पडायला लागले.

उंदीर पडले म्हणजे प्लेग आला, हे सोलापूरकराला सांगावं लागत नसे. लोकांनी गाठोडी बांधली आणि माळावर तट्ट्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. गौरम्मानंही ट्रंक भरली.

"मी अक्कलकोटला निघाले, माहेरी अव्वाकडं. तुम्ही?"

"नारळ फुटलाय गं."

"मग बसा नारळ सांभाळत!" ती तरातरा दारापर्यंत गेली, पुन्हा वळली. "रीऽ, एक ऐका. कुणी विचारायला आलं तर ती काठी हातात घेऊ नका. आपल्या तोंडानं सांगा. जा म्हणून सांगा सगळ्यांना."

त्याच दिवशी बिरप्पा आला. बिरप्पा गिरणीत साच्यावर कापड विणायचा, आणि नाटकात राजा वीरसेन व्हायचा. मागोमाग त्याची बायको शिवबाई, पदर खोचून.

"प्रधानजी, आमच्या म्हाराजास्नी जरा अक्कल द्या की!" ती पायरीवरूनच म्हणाली. "शेजारच्या खोलीत उंदीर पडलाय. मी म्हणते माळावर चला, तर ह्ये म्हणत्यात नेम हाय. राजाचा नेम! घरात पीठ न्हाय आन् राजाचा नेम!"

"तू गप गं," बिरप्पा म्हणाला. "तुला जायचं तर जा."

"तुमास्नी टाकून? लई श्यानं हायसा!" मग ती महादेवप्पाकडे वळली. तिचा आवाज उतरला. "मी तुमच्या काठीला लई हसते, प्रधानजी. पर तुमी सांगाल तसं करू. हितं ऱ्हावं का जावं?"

महादेवप्पानं बिरप्पाकडे पाहिलं. राजा गेला तर नाटक गेलं. ऐनवेळी दुसरा राजा मिळणार नव्हता. वर्षातून एकदा, एवढ्या माणसांसमोर आपला आवाज भरून राहतो, तेही गेलं. हे सगळं त्याच्या मनात नुसतं हललं, भांड्यात पाणी हलावं तसं. 'जा' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. साधा शब्द. पण तो दुकानदार महादेवप्पाच्या बारक्या आवाजात आला होता, आणि त्या आवाजावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

त्यानं खुंटीवरची काठी काढली आणि फरशीवर आपटली.

"राजानं गड सोडू नये. पाय सुटला की धीर सुटतो."

"ऐकलंस?" बिरप्पा म्हणाला.

"ऐकलं," शिवबाई म्हणाली. "चला घरी. भाकरी थापायच्यात."

त्या वर्षी नाटक झालंच नाही. साथीपायी जमावालाच बंदी झाली. बंदीची दवंडी आळीत फिरली, तेव्हा शिवबाई तापानं फणफणली होती आणि तिच्या काखेत गाठ आली होती. महादेवप्पा तिच्या दारापर्यंत गेला. आतून तिचा आवाज आला, "कोन? प्रधानजी? तांब्या भरून द्या ओ ह्यांच्या हातात." पाणी तिच्यासाठी होतं. बिरप्पानं तांब्या घेतला, पण तो आत नेईपर्यंत ती पाणी मागायची थांबली होती.

बिरप्पा त्याला एक शब्द बोलला नाही. शिवी दिली असती तर महादेवप्पानं ती पायरीवर बसून पोटभर खाल्ली असती. त्यानं काठी माळ्यावर टाकली. लोक मात्र यायचेच. "प्रधानजी, सून नांदंना." "प्रधानजी, गिरणी सोडू का?" तो हात जोडायचा. "मला काही कळत नाही, बाबांनो." लोक एकमेकांकडे बघून हसायचे. शहाणा माणूस असाच बोलतो म्हणायचे.

"त्यांना सांग ना गं," तो माहेराहून परतलेल्या गौरम्माला एकदा म्हणाला, "मीच सांगितलं होतं राहा म्हणून."

"सांगितलं मी," गौरम्मा म्हणाली. "ते म्हणतात, प्रधानानं बरोबरच सांगितलं, बाईचं आयुष्यच तेवढं." त्या दिवसापासून ती त्याला टोमणे मारेनाशी झाली. तेच त्याला सोसेना.

पुढच्या साली नारळ फुटायची वेळ आली तेव्हा बिरप्पा स्वतः दुकानात आला. दाढीत पांढरे केस दिसत होते.

"काठी कुटं हाय?"

"बिरप्पा, दुसरा प्रधान बघा."

"राजा त्योच हाय. प्रधान बी त्योच पायजे." त्याच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. "काढा काठी."

जत्रा भरली. गॅसबत्त्या फुरफुरल्या. वेढा पडला, राणीच्या वेशातला पोऱ्या गड सोडू या म्हणून रडून गेला. सिंहासनावरून बिरप्पानं मान वळवली.

"बोला, प्रधानजी. आम्ही तुमच्या मसलतीबाहेर नाही."

महादेवप्पानं काठी उचलली. ती फळीवर आपटलीच नाही. समोर माणसंच माणसं, सगळ्यांना पुढचं वाक्य पाठ. विंगेतून गंगाधर मास्तरांनी शब्द पुरवला, "राजानं गड..."

"महाराज," महादेवप्पा म्हणाला. आवाज प्रधानाचा नव्हता, विभूती विकणाऱ्याचा होता. पहिल्या रांगेपलीकडे तो गेलाही नसेल. "गड सोडा. राणीसाहेबांना घेऊन आत्ताच्या आत्ता निघा."

मंडपात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हातारा इसरला की!" आणि हशा उसळला.

बिरप्पा हसला नाही. तो सिंहासनावरून किंचित पुढे वाकला आणि राजाची भाषा सोडून, प्रधानालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"आता कुनाला घिऊन जाऊ, प्रधानजी?"

विंगेत मास्तर तेच वाक्य पुरवत राहिले. राजानं गड सोडू नये. राजानं गड सोडू नये.